मार्क, मत आणि मतपेटी

आधीच सांगून टाकतो. विद्यार्थी म्हणून मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. सूतगिरणीत सायडर आहे. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर, विहारातल्या कपाटातलं. तरी कॉलेजच्या निवडणुकीवर लिहायला बसलोय, त्याला कारण घडलं.

मागच्या महिन्यात आपल्या भवानी पेठेतली पाच-सहा कॉलेजची पोरंपोरी विहारात जमली होती. विषय निघाला, कॉलेजात निवडणूक झाली तर प्रचाराचे नियम काय असावेत. एक पोरगं तावातावानं म्हणालं, "नियम-बियम कशाला बे? नियम म्हणजे त्यांचाच डाव हाय. आपण दणक्यात उतरायचं." बी.एस्सी.ला असलेली एक पोरगी शांतपणे म्हणाली, "नियम नसला तर ज्याच्या बापाच्या दारात चार जीपा, त्याचाच दणका. तुझा दणका गेटच्या बाहेर तरी ऐकू येईल का?"

दोघांचंही खरं होतं, आणि दोघांचंही अर्धं होतं. उरलेलं अर्धं इतिहासात हुडकावं म्हणून हा कागद.

१. नियम कुणी मागितले?

निवडणुकीचे नियम म्हणजे साहेबलोकांनी वरून दिलेली शिस्त, असं आपल्याला वाटतं. इतिहास तसं सांगत नाही. इंग्लंडात १८७२ सालापर्यंत मत उघड द्यावं लागायचं. चारचौघांत उभं राहून आपला माणूस कोण ते तोंडानं सांगायचं. समोर जमीनदार उभा, बाजूला गिरणीचा मालक उभा. आता सांगा, ज्याची भाकरी त्या मालकाच्या हातात, तो कुणाचं नाव घेणार? म्हणून १८३८ साली चार्टिस्ट चळवळीतल्या कामगारांनी ज्या सहा मागण्या केल्या, त्यातली एक गुप्त मतदानाची होती. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात १८५६ साली ते आलं. इंग्लंडात शहरातल्या बऱ्याच कामगारांना १८६७ च्या कायद्यानं मत मिळालं, १८७२ ला गुप्त मतदान आलं आणि १८८३ ला उमेदवारानं किती पैसा खर्चावा यावर कायद्यानं मर्यादा घातली. क्रम नीट बघा. जोवर मत फक्त श्रीमंताकडं होतं, तोवर पैशाला लगाम घालायची कुणाला फारशी घाई नव्हती. गरीब मतदार झाला तेव्हा गुप्त चिठ्ठी आणि खर्चाची मर्यादा लागली.

हा एक प्रकारचा नियम. दुसरा प्रकार अमेरिकेत बघायला मिळतो. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसाला कागदावर मताचा हक्क होता. पण नाव नोंदवायला गेला की गोरा कारकून परीक्षा घ्यायचा. हे वाच, राज्यघटनेतल्या या कलमाचा अर्थ सांग. पास की नापास ते कारकूनच ठरवणार. गोरा अडाणी पास व्हायचा आणि काळा मास्तर नापास. वर पुन्हा सगळे म्हणायचे, आम्ही रंग कुठं बघतो, आम्ही तर फक्त लायकी बघतो! १९६५ साली सेल्मा गावात काळ्या माणसांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, त्याच वर्षी मतदान हक्काचा कायदा झाला आणि त्या परीक्षांना आळा बसला.

तर दोस्तहो, नियम दोन जातींचे असतात. एक दांडग्याचा हात धरतो. दुसरा दुबळ्याच्या तोंडावर दार लावतो. कागदावर दोघांचंही नाव एकच असतं : शिस्त. म्हणून कुठलाही नियम समोर आला की त्याला एक प्रश्न विचारायचा. बाबा रे, तू कुणाला अडवतोस?

२. बाबासाहेबांची दोन्ही बाजूंची लढाई

बाबासाहेबांनी या दोन्ही नियमांशी आयुष्यभर सामना केला. १९१९ च्या जानेवारीत साउथबरो कमिटीपुढं साक्ष दिली तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे, म्हणजे आपल्याच वयाचे होते. त्या काळी मत मिळायचं ते मालमत्तेवर आणि सारा-पट्टीवर. ज्याला जमीनच घेऊ दिली नाही त्यानं पट्टी कुठली भरायची? अस्पृश्यांसाठी ही अट खाली आणा, असं त्यांनी मांडलं. मत हे शिकलेल्याला मिळणारं बक्षीस नाही, मत वापरता वापरताच माणूस राजकारण शिकतो, हा त्यांचा मुद्दा होता. १९२८ साली सायमन कमिशनपुढं तर त्यांनी सरळ प्रौढ मताधिकार मागितला. हे दार उघडण्याचं काम झालं.

या सगळ्यात आपलं सोलापूर कुठं आहे? आहे की. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ च्या जानेवारीत विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं ते सोलापुरात. शाळेत बसायची मारामार होती त्या काळात या गावात आपली पोरं एका छपराखाली राहून शिकत होती. विद्यार्थी हा चळवळीचा माणूस आहे ही गोष्ट बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी इथं करून दाखवली. पुढं १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तिथं विद्यार्थ्यांची पार्लमेंट चालायची. १९५० च्या जानेवारीत देशाचे कायदामंत्री असलेले बाबासाहेब त्या पोरांच्या पार्लमेंटपुढं उभे राहून हिंदू कोड बिलावर बोलले. विद्यार्थ्यांनी राजकारण करू नये म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

आता दुसरी लढाई, दांडग्याचा हात धरण्याची. ही गोष्ट आपल्यातल्या पुष्कळांना अर्धवटच ठाऊक असते. बाबासाहेब १९५२ ची लोकसभा हरले, काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांनी त्यांना चौदा हजारांच्या वर मतांनी हरवलं, एवढंच आपण सांगतो आणि गप बसतो. पण पुढं काय झालं?

उत्तर मुंबईचा तो मतदारसंघ दोन जागांचा होता. एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं. त्या निवडणुकीत दर उमेदवाराची पेटी वेगळी असायची. नियम असा की एकाच उमेदवाराला दोन मतं द्यायची नाहीत. दिली तर एकच धरायचं, दुसरं वाया. बाबासाहेबांचा आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांचा आरोप असा होता, की कम्युनिस्टांच्या बाजूनं मतदारांना आपलं दुसरं मत कुजवा म्हणून सांगितलं गेलं. हजारो मतं अशी कुजली. या दोघांनी निवडणूक अर्ज केला. कोर्टात उभे राहिले. अर्ज फेटाळला गेला.

अर्ज फेटाळला गेला म्हणजे आरोप कायद्याच्या कसोटीला उतरला नाही, हेही आपण प्रामाणिकपणानं लिहून ठेवू. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ज्या माणसानं घटना लिहिली, त्याचा पराभव झाल्यावर त्यानं रस्त्यावर दगड मारायला सांगितलं नाही. निवडणूक खोटी, लोकशाही खोटी असंही म्हटलं नाही. प्रचार कसा झाला, कुणी काय सांगितलं, ते नियमात बसतं का, असं विचारत तो अर्ज घेऊन दारात गेला. आपल्या दणक्यावाल्या पोरानं ही गोष्ट वहीत लिहून घ्यावी. आणि जिंकणारा असो की हरणारा, प्रश्न विचारायचा तर तो नियमाच्या आधारानंच विचारता येतो. नियमच नसेल तर तक्रार कशावर बोट ठेवून करणार?

३. १९९४ : दारावर नाव आलं, आतली पेटी गेली

आता आपल्या महाराष्ट्राकडं या. १९७०-८० च्या काळात कॉलेजांत थेट निवडणुका व्हायच्या. त्यातून पुढारी निघाले, चळवळी निघाल्या. त्याच्याच जोडीला पैसा आला, पार्ट्या आल्या, पोरं पळवणं आलं, सळया आल्या. १९८९ साली मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. आई-बापांनी घाबरावं अशीच परिस्थिती होती. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण यावर इलाज काय केला? दांडग्याचा हात धरायचा सोडून पेटीच उचलून नेली. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानं कॉलेजची विद्यार्थी परिषद अशी ठरवली, की दर वर्गातला मागच्या परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला एक विद्यार्थी प्राचार्यानं नेमायचा. खेळ, एन.एस.एस., एन.सी.सी. आणि सांस्कृतिक कामातला एकेक प्राचार्यानंच नेमायचा. दोन मुली, त्याही प्राचार्यानंच नेमायच्या. मग या नेमलेल्यांनी आपल्यातून सचिव निवडायचा. बाकीची शेकडो पोरं बघत बसणार.

हे साल ध्यानात घ्या. १९९४ च्या १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं. १९७८ च्या जुलैत विधिमंडळानं ठराव केला, त्यानंतर सोळा वर्षं आपल्या माणसांनी घरं जळताना बघितली, जीव दिले, लाँग मार्च काढले, तेव्हा कुठं ते नाव लागलं. आणि त्याच सालात अख्ख्या महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून मतपेटी कायद्यानं गेली. दारावर एक माणूस एक मत म्हणणाऱ्याचं नाव, आणि दाराच्या आत मार्कांप्रमाणे प्रतिनिधी! आपण दारावरच्या नावासाठी लढण्यात दमलो होतो. आतली पेटी गेलेली आपल्यातल्या किती जणांना कळली?

मार्कांवर माझा राग नाही. मार्क मिळवणारं पोरगं मेहनतीच असतं. पण मार्क म्हणजे मत नव्हे. सकाळी कॉलेज करून दुपारी टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरणाऱ्या पोराला मार्क कमी पडतील, पण फ्रीशिप अडली तर कुठल्या खिडकीपुढं किती वेळ उभं राहावं लागतं ते पहिल्या नंबरापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं. प्रतिनिधी कशासाठी पाहिजे? गणित सोडवायला की वसतिगृहाचं पाणी सोडवायला? लायकीची परीक्षा घेणारा तो अमेरिकेतला कारकून मला इथं आठवतो.

गिरणीतल्या माणसाला हे काही नवं नाही. १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायद्यानं कापड गिरण्यांत एकच प्रातिनिधिक युनियन धरली जायची. तिला पंचवीस टक्के सभासद दाखवता आले की झालं. गुप्त मतदानानं युनियन निवडायची सोय त्यात नव्हती. बाकीच्या कामगारांचा विश्वास असो-नसो, करार तीच करणार. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागं संपावर गेले, तेव्हा पगार-बोनसच्या जोडीला हा कायदा मोडीत काढा ही मागणी होती. संप बुडाला, गिरण्या गेल्या, सोलापूरच्याही मोठ्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद झाले. कामगाराचा प्रतिनिधी रजिस्टरावरून ठरवला आणि विद्यार्थ्याचा मार्कलिस्टवरून. पेटी दोघांच्याही हाताला लागू दिली नाही.

४. लिंगडोह : चाळणीतून बघू

यानंतरचा टप्पा दिल्लीचा. केरळातल्या कॉलेजांच्या एका खटल्यातून सुप्रीम कोर्टानं २००५ च्या डिसेंबरात विद्यार्थी निवडणुकांसाठी कमिटी नेमायला सांगितलं. अध्यक्ष जे. एम. लिंगडोह. मेघालयातले खासी आदिवासी, माजी मुख्य निवडणूक आयुक्त. २००२ साली गुजरातेत दंगलीनंतर लगेच निवडणूक घ्यायला नकार देणारे ते हेच. २००६ च्या मे महिन्यात त्यांनी अहवाल दिला आणि २२ सप्टेंबर २००६ ला कोर्टानं त्या शिफारशी लागू करायला सांगितलं. विद्यार्थी निवडणुकीतल्या सचोटीच्या प्रचाराचा आपल्याकडचा सगळ्यात ठळक नियमसंग्रह हाच. आता आपला तोच प्रश्न घेऊन एकेक नियम चाळू.

खर्च एका उमेदवाराला फार तर ५,००० रुपये. निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यायचा. राजकीय पक्षाचा पैसा घ्यायचा नाही. छापील पोस्टर नाही, छापील पत्रक नाही. हातानं केलेलं पोस्टर चालेल, तेही नेमून दिलेल्या जागीच. प्रचाराला लाऊडस्पीकर नाही, गाड्या नाहीत. कॉलेजच्या आवाराबाहेर मिरवणूक नाही. देवळा-मशिदीत प्रचार नाही. टीका करायची ती धोरणावर, कुणाच्या घरातल्या गोष्टींवर नाही. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत उरकायचं. तक्रारीसाठी एक समिती, आणि तिच्यात शेवटच्या वर्षाचा एक मुलगा आणि एक मुलगीही.

हे सगळे दांडग्याचा हात धरणारे नियम आहेत, आणि ते आपल्या बाजूचे आहेत. जीपवाल्याची जीप गेटबाहेर राहिली, डिजिटल फलकवाल्याचा फलक उतरला, की उरतं काय? हातानं लिहिलेला कागद आणि तोंडातला शब्द. ते आपलं जुनं हत्यार आहे. हेच पान आपण स्टेन्सिल कोरून, हात काळे करून काढतो ना? मग हातानं पोस्टर करायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आता चाळणीत अडकतात ते खडे. हजेरी ७५ टक्के पाहिजे. एकही विषय राहिलेला नको. वय पदवीला २२ पर्यंत, पदव्युत्तरला २४-२५, संशोधनाला २८. पदाधिकारी म्हणून एकदाच उभं राहता येईल. ज्याच्यावर गुन्ह्याचा खटला चाललेला आहे किंवा कॉलेजनं शिस्तभंगाची कारवाई केली आहे, त्याला उभं राहता येणार नाही. हे कुणाला अडवतात? रात्रपाळी करून येणाऱ्याची हजेरी भरत नाही. घरातला पहिलाच शिकणारा एखादा विषय घेऊन पुढं सरकतो. मध्ये दोन वर्षं कामाला गेलेला वयात बसत नाही. आणि शिस्तभंग?

शिस्तभंगाचं उदाहरण हैदराबादचं घ्या. २०१५ च्या डिसेंबरात तिथल्या केंद्रीय विद्यापीठानं आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनच्या पाच दलित संशोधकांना वसतिगृहातून काढलं. त्या शिक्षेत विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत भाग घ्यायलाही बंदी होती. त्या पाचांतला एक रोहित वेमुला. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. गुंडाला अडवायला जो नियम लिहिला, त्याच्याच भाषेत चळवळीतल्या पोराला बाहेर बसवता येतं. अन्यायाविरुद्ध मोर्चा काढला की कलमं लागतात. दारू वाटणाऱ्यावर कुठली कलमं लागतात?

जातीच्या नावानं मत मागायचं नाही, हाही एक नियम आहे. हा मला मान्य आहे, पण त्यातली गोम ओळखा. मी अमक्या जातीचा म्हणून मला मत द्या, हा जातीचा प्रचार. वसतिगृहात जात बघून खोली देतात ते बंद करा, हा जातीविरुद्धचा प्रचार. पहिल्याला बंदी घालताना दुसऱ्याचं तोंड दाबलं जातं. तक्रार समितीपुढं हा फरक मांडता आला पाहिजे, त्यासाठी आपल्या पोरांनी नियम तोंडपाठ पाहिजेत.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तर याहून मजेची गोष्ट झाली. तिथली निवडणूक विद्यार्थ्यांचाच निवडणूक आयोग चालवतो. हातानं केलेली पोस्टरं, अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा रात्रभराचा जाहीर वाद. पैसा जवळजवळ नाहीच. पण वय, हजेरी असल्या अटी लिंगडोहप्रमाणे नाहीत म्हणून २००८ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं ती निवडणूक थांबवली. २०१२ च्या मार्चपर्यंत ती झाली नाही. शेवटी वयासारख्या काही अटी सैल करून पुन्हा सुरू झाली. विद्यार्थी स्वतः नियम करून पाळू शकतात, याचा हा पुरावा आहे. आणि नियमावर बोट ठेवून निवडणूकच बंद पाडता येते, याचाही पुरावा हाच.

५. आपलं काय?

महाराष्ट्रात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणूक पुन्हा लिहिली. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, आणि अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास यांच्यातून आळीपाळीनं एक राखीव प्रतिनिधी. २०१९ साली निवडणुका होणार म्हणून गाजावाजा झाला, मग विधानसभेच्या निवडणुकीपायी त्या पुढं ढकलल्या, पुढं २०२० ला करोना आला आणि कॉलेजंच बंद झाली. आपल्या सोलापूरला २००४ सालापासून स्वतःचं विद्यापीठ आहे. त्याआधी आपली पोरं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या यादीत होती. विद्यापीठ दारात आलं. पेटीचं तेवढं कायद्याच्या पुस्तकातून बाहेर काढायचं बघा.

पण त्याआधी आपलंच एक दुखणं काढतो. राग येऊ द्या.

विहारातली ती चर्चा संपत आली तेव्हा त्या बी.एस्सी.च्या पोरीनं विचारलं, "दादा, आपल्या जयंती मंडळाचा अध्यक्ष कसा ठरतो?" मी गप्प. कसा ठरतो? ज्याची वर्गणी मोठी, ज्याच्यामागं पोरं जास्त, त्याचं नाव कुणीतरी मोठ्यानं घेतं, बाकीचे टाळ्या वाजवतात. इंग्लंडात १८७२ च्या आधी व्हायचं तसंच, चव्हाट्यावर. ज्याच्याकडं कामाला आहे त्याच्या विरोधात कोण हात वर करणार? आणि बायकांना तर कुणी विचारतच नाही, त्यांनी खिरीचं बघायचं. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत राजकारणातल्या भक्तीबद्दल धोक्याची घंटा वाजवली होती. ती फक्त दुसऱ्यांसाठी नव्हती.

म्हणून मी माझ्यापुरते काही नियम त्या रात्री वहीत लिहिले. कॉलेज असो की मंडळ, चिठ्ठी गुप्त. खर्च किती केला तो विहाराच्या भिंतीवर चिकटवायचा. दारू आणि जेवण घालून मत नाही. विरोधातल्याला बोलायला आपल्याइतकाच वेळ. कुणाच्या बहिणीवर, बायकोवर, घरावर बोलायचं नाही. मोजणीला दोन्ही बाजूंची माणसं, त्यात एक तरी बाई. हरलो तर अर्ज, दगड नाही. आणि हजेरी, वय, मार्क यांची अट मतदारालाही नाही, उमेदवारालाही नाही.

हे मंडळाच्या बैठकीत मांडलं. थोरले एक जण हसले, "कवी, तू गिरणीत धागं सांध, हिकडं नको सांधू." दोघं-तिघं उठून गेले. पण पाच-सात जण बसून राहिले. त्या पोरीनं घरून बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला. झाकणाला चिठ्ठी जाईल एवढी फट पाडली.

डबा विहाराच्या कपाटात ठेवलाय. पुढच्या जयंतीची बैठक मार्चात आहे. त्या दिवशी तो बाहेर निघतो का, ते मी पुढच्या अंकात लिहीन. तुमच्या वस्तीत काय होतं ते तुम्ही कळवा.

जय भीम.